हेडफोन घेताय? आधी कानांचा विचार करा

काही दिवसांपूर्वी एक निवृत्त गृहस्थ तपासणीसाठी आले. वय चौसष्ट. नोकरीत असताना गाणे ऐकायला सवड मिळाली नाही, म्हणून निवृत्तीनंतर रोज रात्री जेवण आटोपले की दोन-अडीच तास शास्त्रीय संगीत ऐकायचे, असा त्यांनी नेम ठेवला होता. घरात नातवंडांचा अभ्यास, सुनेला पहाटे उठायचे. त्यामुळे स्पीकर लावण्याची सोय नाही. मुलाने हेडफोन आणून दिला. वर्षभर छान चालले. मग त्यांना वाटू लागले, की या हेडफोनचा आवाज दबका झाला आहे. तानपुरा पूर्वीसारखा झणकारत नाही, गायकाचे शब्द स्पष्ट येत नाहीत. त्यांनी दुसरा हेडफोन घेतला. दोन दिवस बरा वाटला, पुन्हा तेच. तिसरा त्याहून महागाचा घेतला. त्याचीही तीच गत!

खरे तर ते आले होते वेगळ्याच तक्रारीसाठी. रात्री दिवे मालवले की कानात रातकिडे ओरडल्यासारखा आवाज येतो, झोप लागत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जाता जाता त्यांनी विचारले, "डॉक्टर, चांगला हेडफोन कोणता घ्यावा हो? तीन झाले, एकही धड निघाला नाही."

तपासल्यावर दिसले, की उजव्या कानात मळ घट्ट बसला होता. तो काढला. त्या कानाने लगेच थोडे मोकळे वाटले. पण श्रवणतपासणीचा आलेख, म्हणजे ऑडिओग्राम काढला, तेव्हा दोन्ही कानांत ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडलेला आढळला. वयोमानाने ऐकू कमी येते, तेव्हा हा आलेख वरच्या पट्टीकडे हळूहळू उतरत जातो. मोठ्या आवाजाने इजा झाली, की बहुधा ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या दरम्यान तो एकदम खाली जातो आणि ८,००० ला पुन्हा थोडा वर येतो. या गृहस्थांचा आलेख दुसऱ्या प्रकारचा होता. तिन्ही हेडफोन ठीक होते. बिघाड कानांत होता.

"काका, आवाज किती ठेवता?" असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, "पंखा फुल असतो ना, म्हणून जरा मोठाच ठेवावा लागतो."

आज घरोघरी हेडफोन आले आहेत. कोणता घ्यावा, हा प्रश्न वाचकही विचारतात. दुकानदार त्याचे उत्तर कंपनी आणि किमतीच्या भाषेत देतो. डॉक्टरांचे उत्तर थोडे वेगळे आहे : ज्या हेडफोनवर कमी आवाजात ऐकूनही मन भरते, तो चांगला. असा हेडफोन कसा ओळखावा, हे आज पाहू.

कानाला इजा कशी होते?

ध्वनिलहरी कानाच्या पडद्यावर आदळतात. पडदा कंप पावतो, त्याला जोडलेली तीन चिमुकली हाडे हलतात आणि ते कंपन आतल्या कानातील शंखासारख्या नळीत पोहोचते. या नळीला सुमारे अडीच वेढे असतात. तिच्यात प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. त्यांच्यावरील सूक्ष्म तंतू वाऱ्यावर डोलणाऱ्या पिकाप्रमाणे हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो.

आवाज मोठा आणि फार वेळ असला, की या पेशी दमतात. लग्नाच्या वरातीतून घरी आल्यावर कान बधिर वाटतात, गुणगुणतात, ते यामुळेच. सहसा एक-दोन दिवसांत हा बधिरपणा ओसरतो. पण असे वारंवार झाले, तर पेशी मरतात. पक्ष्यांच्या कानात या पेशी पुन्हा तयार होतात, माणसाच्या नाही. त्यासाठी गोळी नाही, इंजेक्शन नाही, शस्त्रक्रियाही नाही.

उंच पट्टीच्या ध्वनींसाठी असलेल्या पेशी नळीच्या तोंडाशी असतात आणि बहुधा त्याच आधी निकामी होतात. म्हणून रुग्णाला आवाज तर ऐकू येतो, पण त्यातला उजळपणा जातो. स, श, त, क ही व्यंजने नीट कळत नाहीत. तानपुऱ्याच्या तारेतून उमटणारे वरचे सूर विरून जातात. माणसाला वाटते, हेडफोन बिघडला. तो आवाज आणखी वाढवतो आणि उरलेल्या पेशींवर आणखी भार टाकतो.

किती आवाज, किती वेळ?

आवाजाची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात. समोरासमोरचे साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल असते. जागतिक आरोग्य संघटनेने मोबाईल व तत्सम साधनांवरून ऐकण्यासाठी प्रौढांकरिता ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, ही मर्यादा सुचवली आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबल आणि ४० तास अशी आहे.

यातला हिशेब नीट लक्षात घ्यावा. आवाज ३ डेसिबलने वाढला, की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८३ डेसिबलला आठवड्याचे २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५ आणि ९२ ला फक्त अडीच तास. गंमत अशी, की ३ डेसिबलची वाढ कानाला जेमतेम जाणवते. आपल्याला 'जरासा मोठा केला' एवढेच वाटते.

आता त्या गृहस्थांचा हिशेब मांडा. रोज अडीच तास म्हणजे आठवड्याला साडेसतरा तास. आवाज ८० ते ८३ डेसिबलच्या आत ठेवला असता, तर त्यांचा नेम जन्मभर निर्धास्त चालला असता. पण समजा ते ९२ डेसिबलवर ऐकत होते. मग आठवड्याचा सगळा शिधा ते एका रात्रीत संपवत होते, आणि असे रोज!

प्रकार कोणते?

कानाच्या भोकात बसणारे इयरफोन, कानाच्या पाळीवर टेकणारे हेडफोन आणि पूर्ण कान झाकणारे हेडफोन, असे तीन मुख्य प्रकार आहेत.

भोकात बसणारा इयरफोन लहान आणि सोयीचा असतो. रबरी बोंडी नीट बसली, तर बाहेरचा आवाजही बराच अडतो. पण तो मळ आत ढकलतो आणि कानात हवा खेळू देत नाही. ज्यांचा कान वाहतो, पडद्याला छिद्र आहे, पावसाळ्यात कानात बुरशी होते, त्यांनी हा प्रकार वापरू नये. पाळीवर टेकणारा हेडफोन हलका असतो, पण तासाभरात पाळी दुखू लागते आणि बाहेरचा आवाजही फारसा अडत नाही. घरी बसून निवांत ऐकणाऱ्यासाठी पूर्ण कान झाकणारा प्रकार बहुधा सर्वांत सोयीचा.

यातही दोन जाती आहेत. एकाची पाठ बंद असते, दुसऱ्याच्या पाठीला जाळी असते. जाळीचा पहिला हेडफोन १९६८ साली जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने एचडी ४१४ या नावाने बाजारात आणला. जाळीमुळे आवाज मोकळा, बैठकीत समोर बसून ऐकल्यासारखा वाटतो, कान तापत नाहीत आणि दाराची घंटाही ऐकू येते. मात्र बाहेरचा गोंगाट सरळ आत येतो आणि आतले गाणे शेजारच्याला ऐकू जाते. रात्री शांत खोलीत एकटे बसणाऱ्याला हा हेडफोन फार चांगला. रस्त्यालगतच्या घरात किंवा पलीकडे टीव्ही चालू असेल, तर बंद पाठीचाच घ्यावा. नाहीतर गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढतोच.

गोंगाट शोषणारे हेडफोनही आता सर्रास मिळतात. त्यातला छोटा मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या नेमकी उलट लहर तयार करून तो मारतो. अमेरिकेतील प्राध्यापक अमर बोस यांना १९७८ साली विमानप्रवासात इंजिनाच्या घरघरीमुळे गाणे ऐकता येईना, तेव्हा त्यांनी या कल्पनेवर काम सुरू केले. पंख्याची घुंघुं, कूलर, एसटीचे इंजिन अशा सतत चालणाऱ्या खालच्या पट्टीच्या आवाजांवर ही युक्ती चांगली चालते. बोलणे, भांड्यांचा आवाज यांवर तितकी नाही. गोंगाट कमी झाला, की गाणे लहान आवाजात ऐकता येते, हा कानांचा मोठा फायदा. काहींना मात्र तो लावल्यावर कानात दडे बसल्यासारखे वाटते, म्हणून आधी लावून पाहावा. रस्त्यावर चालताना किंवा वाहन चालवताना कुठलाच हेडफोन वापरू नये.

डब्यावरचे आकडे

डब्यावर तीन आकडे ठळक छापलेले असतात. पहिला फ्रिक्वेन्सीचा. '५ ते ४०,००० हर्ट्झ' असे वाचून भुलू नये. निरोगी तरुण कान २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. साठीनंतर बऱ्याच जणांना १२,००० च्या वरचे ऐकू येत नाही. जे ऐकूच येणार नाही, त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

दुसरा आकडा इम्पिडन्सचा, ओहममध्ये. १६ ते ३२ ओहमचे बहुतेक हेडफोन मोबाईलवर सहज चालतात. २५० किंवा ३०० ओहमच्या हेडफोनला बहुधा वेगळा अॅम्प्लिफायर लागतो. बेयरडायनॅमिक कंपनीचा डीटी ७७० प्रो हा बंद पाठीचा हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत निघाला. नाव एकच असले, तरी मोबाईलवर ऐकणाऱ्याने २५० चा घेतला, तर आवाज अपुरा वाटेल. हे आकडे दर्जाचे नव्हेत, जुळणीचे आहेत.

तिसरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, आणि कानांच्या दृष्टीने हाच सर्वांत महत्त्वाचा. तेवढ्याच विजेवर हेडफोन किती मोठा वाजतो, हे तो सांगतो. समजा, एकावर ९६ आणि दुसऱ्यावर १०६ लिहिले आहे. मोजण्याची पद्धत आणि ओहम सारखे असतील, तर आवाजाची खूण तिथेच ठेवूनही दुसरा १० डेसिबल मोठा वाजेल. म्हणजे सुरक्षित वेळ एकदशांशावर येईल. 'आवाज साठ टक्क्यांवर ठेवा' हा सल्ला म्हणूनच ढोबळ आहे. हेडफोन बदलला, की आवाजाची खूण नव्याने ठरवावी.

दुकानात तुलना कशी करावी?

दोन हेडफोन शेजारी ठेवून ऐकले, की बहुतेकांना जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. एक-दोन डेसिबलचा फरकही मनाला फसवतो. शिवाय आवाज लहान असला, की आपल्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. आवाज वाढला, की ते भरून येतात. त्यामुळे मोठा वाजणारा हेडफोन भरदार भासतो. ही फसगत टाळण्यासाठी पुढील पद्धत वापरावी.

१) सकाळी, कान ताजे असताना जावे. आदल्या रात्री वरात किंवा डीजे ऐकला असेल, तर दोन दिवस थांबावे.

२) आपल्या रोजच्या ऐकण्यातली दोन-तीन ध्वनिमुद्रणे बरोबर न्यावीत. दुकानदार लावेल त्या झगमगीत तुकड्यावर निर्णय घेऊ नये.

३) आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा. नुसता तानपुरा किंवा एकच लांब सूर लावून, आलटून पालटून ऐकून दोन्ही सारखे वाटेपर्यंत आवाज जुळवावा. बरोबर कोणी असेल, तर त्याच्याकडून जुळवून घ्यावा.

४) मग दोन्ही लहान आवाजात ऐकावेत, समोरचा माणूस बोलतो आहे एवढ्याच. या आवाजात ज्याच्यावर तानपुरा, डग्ग्याचा घुमारा आणि गायकाचे शब्द असे तिन्ही वेगवेगळे कळतात, तो हेडफोन सरस. ज्यावर 'जरा वाढवू या' असे वाटत राहते, तो कितीही महाग असला तरी बाजूला ठेवावा.

५) डग्गा घुमावा, पण गाण्यावर पांघरूण घालू नये. 'स' आणि 'श' स्पष्ट यावेत, पण कानात टोचू नयेत. टोचणारा हेडफोन पहिल्या दोन मिनिटांत फार स्वच्छ वाटतो आणि अर्ध्या तासात डोके दुखवतो. जलद तानेतला दाणा वेगळा कळतो का, तेही पाहावे.

६) निदान वीस मिनिटे डोक्यावर ठेवावा. वजन, कानावरचा दाब, घाम यांचा अंदाज येतो. चष्मा असेल, तर तो घालूनच पाहावे. चष्म्याच्या काडीमुळे गादीत फट राहिली, की बंद हेडफोनमधून खर्ज निसटतो आणि आपण आवाज वाढवतो. मऊ, जाड गादीने ही अडचण कमी होते.

७) एका बाजूने दबके वाटले, तर हेडफोन उलटा घालावा, डावा उजवीकडे. दबकेपणा हेडफोनबरोबर दुसऱ्या कानाकडे गेला, तर दोष हेडफोनचा. तो त्याच कानात राहिला, तर दोष कानाचा. तेव्हा दुकान सोडून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. वरील गृहस्थांनी एवढे केले असते, तर निदान मळाचा प्रश्न आधीच कळला असता.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांसाठी एक खास सूचना

आपल्या संगीताची सुरुवात फार हळू असते. सतारीचा आलाप पंख्याच्या आवाजात बुडतो, म्हणून आपण आवाज वाढवतो. पुढे जोड, 'झाला', मग तबल्यासह द्रुत गत येते. तोवर वादन कितीतरी मोठे झालेले असते, पण आपली खूण आलापासाठी वाढवली तिथेच! ख्यालगायनातही विलंबिताकडून द्रुताकडे जाताना तेच होते.

उपाय सोपा आहे. ऐकायला बसताना आधी ध्वनिमुद्रणाचा शेवटचा, सर्वांत जोराचा भाग लावावा. तो सुखद वाटेल तेवढाच आवाज ठेवावा. मग सुरुवातीला यावे आणि खुणेला पुन्हा हात लावू नये. आलाप ऐकू येईनासा झाला, तर पंखा कमी करावा, खिडकी लावावी. आवाज वाढवू नये.

घरी पाळायच्या गोष्टी

तासाभराने दहा मिनिटे हेडफोन काढून ठेवावा. बऱ्याच मोबाईलमध्ये आवाजाची कमाल मर्यादा ठरवून ठेवण्याची सोय असते. मुलांच्या मोबाईलवर ती जरूर लावावी. हेडफोन लावून झोपू नये. इयरफोनची रबरी बोंडी दर आठवड्याला पुसून कोरडी करावी आणि एकमेकांचे इयरफोन वापरू नयेत. मळ काढण्यासाठी काडी, पिन, कापसाचे बोळे घालू नयेत, कानात तेलही ओतू नये.

हेडफोनमध्ये चुंबक असते. ज्यांना पेसमेकर बसवला आहे, त्यांनी हेडफोन गळ्यात लटकवून छातीवर येऊ देऊ नये, किंवा खिशात ठेवू नये. पेसमेकरपासून निदान सहा इंच अंतर ठेवावे. ज्यांना एकाच कानाने ऐकू येते, त्यांनी मोबाईलमधील 'मोनो' ही सोय चालू करावी, म्हणजे दोन्ही बाजूंचे संगीत चांगल्या कानात मिळते.

ऐकून झाल्यावर कान गुणगुणत असतील किंवा बोलणे दूरून आल्यासारखे वाटत असेल, तर आवाज मोठा होता असे समजावे. ही लक्षणे दोन दिवसांत गेली नाहीत, तर तपासणी करून घ्यावी. एक गोष्ट मात्र सर्वांनी ध्यानात ठेवावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर 'मळ असेल' म्हणून घरी थांबू नये. त्याच दिवशी तज्ज्ञांना दाखवावे. अशा बहिरेपणावर औषधाचा उपयोग होऊ शकतो, पण उपचार लवकर सुरू झाले तर.

त्या गृहस्थांनी चौथा हेडफोन घेतला नाही. घरातल्या तिघांची त्यांनी वरच्या पद्धतीने तुलना केली, तेव्हा दुसरा, मधल्या किमतीचा, बंद पाठीचा हेडफोन लहान आवाजात सर्वांत स्पष्ट वाटला. महागाचा जाळीचा होता. त्यांच्या खोलीतल्या पंख्याला तो जुळत नव्हता. आता ते पंखा दोनवर ठेवतात आणि मोबाईलला मर्यादा लावली आहे. कानातले रातकिडे पूर्ण गेलेले नाहीत, पण झोप लागते. आलेखातला खड्डा भरून येणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितले आहे. दर वर्षी तपासणी करून तो वाढत नाही ना, एवढे पाहायचे.

वाचकांपैकी ज्यांना आपला हेडफोन अलीकडे दबका वाटू लागला आहे, त्यांनी तो आज उलटा घालून पाहावा. आणि पन्नाशी ओलांडलेल्या संगीतप्रेमींनी नवा हेडफोन घेण्याआधी एकदा ऑडिओग्राम काढून घ्यावा.